नोटीस भिंतीवर, मुदत महिन्याची

वाचकांचे प्रश्न : कारभार आणि नागरिक

सत्ता मूठभरांच्या सोयीने वापरली जाऊ नये म्हणून कायद्यात काय तजवीज आहे, आणि ती आपल्याला कशी वापरता येते, असे विचारणारी बरीच पत्रे कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आली. त्यातले काही प्रश्न निवडून घेतले आहेत. स्थानिक स्वराज्य संस्था, नगररचना आणि सहकार या विषयांतल्या जाणकारांनी मिळून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : निवडून देणारे आपण, बहुमतही आपलेच. तरी निर्णय चार-दोन ठेकेदारांच्या नि बिल्डरांच्या सोयीचे कसे होतात? याला आवर घालणारी व्यवस्था आहे की नाही? (शिवाजी पेठ)

उत्तर : आधी हिशेब बघा. समजा, एखाद्या ठेक्याचा दर वाजवीपेक्षा ५० लाखांनी चढा लावला. शहरात एक लाख मिळकती धरल्या तर तुमच्या वाट्याला ५० रुपये येतात. तेवढ्यासाठी तुम्ही कामधंदा सोडून महापालिकेच्या पायऱ्या चढणार नाही. ज्याला ५० लाख सुटणार आहेत तो रोज चढतो. फाइल कुठल्या टेबलावर आहे हे त्याला शिपायाच्या आधी कळते. आपल्याकडे ज्याला ‘ढपला’ (सार्वजनिक पैशावरचा डल्ला) म्हणतात, तो पुष्कळदा असाच पडतो. कागदोपत्री सगळे नियमात असते, फक्त बाकीच्यांचे लक्ष नसते.

असे हितसंबंध असणारच, हे कायद्याने गृहीत धरले आहे. म्हणून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये अधिकार वाटून दिलेत. कामे करवून घेणारा आयुक्त राज्य सरकारने नेमलेला. मोठ्या रकमेच्या ठेक्यांना मंजुरी देणारी स्थायी समिती १६ नगरसेवकांची. मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल देतो तो त्या समितीला. आणि सभागृहाचा ठराव कायद्याविरुद्ध असेल तर कलम ४५१ खाली राज्य सरकार तो रद्द करू शकते. कलम १० प्रमाणे महापालिकेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा असलेला माणूस नगरसेवकपदाला अपात्र ठरतो.

बिघाड होतो तो हे वेगवेगळे हात एकत्र आल्यावर. ‘कारभारी’ हा शब्द कोल्हापूरला समजावून सांगायला नको. सत्ताधारी आणि विरोधक यांच्यातल्याच चार-पाच जणांनी आधी बसून ठरवायचे, सभागृहात फक्त हात वर व्हायचे. विरोधकाने फुकटात करायची तपासणी तिथेच बंद पडते. प्रशासकाच्या काळात वेगळ्या वाटेने तेच होते. नोव्हेंबर २०२० मध्ये कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होते. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा हात एकच. अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी मधला एक टप्पा गळालाच.

कोल्हापूरच्या टोलचे प्रकरणही याच नजरेने वाचावे. शहरातले ४९.९९ किलोमीटर रस्ते, बीओटी म्हणजे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्व, ३० वर्षांचा टोल. हा करार मंजुरीचे सगळे टप्पे पार करून आला होता. अटी लोकांपर्यंत पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. आंदोलन यशस्वी झाले, डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला, पण कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतून गेली. कराराचा मसुदा सभेपुढे येतो त्या आठवड्यात घेतलेली हरकत याहून फार स्वस्त पडते.

प्रश्न : आमच्या भागातले बागेचे आरक्षण उठवून जागा रहिवासी विभागात घेणार, अशी चर्चा आहे. हरकत कुठे आणि कशी घ्यायची? (फुलेवाडी)

उत्तर : मंजूर विकास आराखड्यात असा बदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ३७ वापरावे लागते. महापालिकेने राजपत्रात आणि अन्य मार्गाने सूचना प्रसिद्ध करायची, एक महिन्याच्या मुदतीत हरकती मागवायच्या, ज्यांना झळ बसते त्यांना वेगळी नोटीस द्यायची, सुनावणी घ्यायची आणि मग प्रस्ताव मंजुरीसाठी सरकारकडे धाडायचा. आराखड्याचे स्वरूपच पालटेल एवढा मोठा बदल या कलमात बसत नाही. काही वेळा सरकार ३७ (१अअ) खाली स्वतःच सूचना काढते. तेव्हा हरकत स्वीकारणारा अधिकारी वेगळा असतो आणि सवयीने महापालिकेत दिलेला अर्ज वाया जातो. सूचनेत ज्याचे पद छापले आहे त्याच्याच आवक विभागात अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या.

अर्जात संताप कमी आणि क्रमांक जास्त हवेत : सूचनेचा क्रमांक व तारीख, रि. स. नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) किंवा सिटी सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, सोबत भाग नकाशा. त्यानंतर मुद्दे. बागेसाठी दुसरी जागा दाखवली आहे का? भागाच्या लोकसंख्येला मोकळी जागा किती उरते? जागा पूररेषेत येते का? पंचगंगेच्या बाजूला हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत वजनदार. नकाशावरच्या निळ्या, म्हणजे नदीजवळच्या, पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात बंधने असतात. रेषा आखते जलसंपदा खाते, तेव्हा नकाशाची प्रमाणित प्रत तिथूनच घ्या. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेले होते. त्या दिवसांतले त्या जागेचे तारखेसह फोटो कोणाकडे ना कोणाकडे असतातच, ते जोडा.

एकच मजकूर झेरॉक्स करून दोनशे सह्या गोळा करण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. सुनावणीत तो एकच मुद्दा धरला जातो. त्यापेक्षा दहा जणांनी दहा निराळे मुद्दे द्यावेत आणि प्रत्येकाने ‘मला प्रत्यक्ष सुनावणी मिळावी’ हे वाक्य लिहावे.

आरक्षण जाण्याची एक वाट याहूनही मुकी आहे. ती कलम १२७ ची. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा घ्या नाहीतर सोडा’ अशी नोटीस, देऊ शकतो. ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. मालकाचा हा हक्क रास्तच आहे; कोणाची जमीन कायम अडकवून ठेवता येणार नाही. पण इथे तुमच्याकडून हरकती मागवत नाहीत, सभेत मतदान होत नाही. फाइल दोन वर्षे कपाटात राहिली की बाग गेली. म्हणून दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एवढेच मागा : कलम १२७ खाली आलेल्या खरेदी सूचनांची यादी, प्रत्येक सूचना मिळाल्याची तारीख आणि तिच्यावरची कार्यवाही. कुठल्या जागेचे २४ महिने कधी भरतात, ते यादीच सांगते.

प्रश्न : ‘तीन निविदा आल्या, सगळे नियमाने झाले’ असे सांगतात, पण काम फिरून त्याच ठेकेदाराकडे जाते. शंका कशी तपासायची? (कसबा बावडा)

उत्तर : ‘मॅनेज’ झालेल्या निविदेतही तीनच लिफाफे असतात. एक घेणाऱ्याचा, दोन साथीदारांचे. तेव्हा तिनाच्या आकड्यावर जाऊ नका, आधीचे आणि नंतरचे कागद बघा.

आधीचा कागद म्हणजे अंदाजपत्रक. ई-निविदेची मर्यादा राज्य सरकारने ३ लाखांवरून १० लाखांवर नेली. एकाच रस्त्याची ९ लाख ८० हजार, ९ लाख ९० हजार अशी लागोपाठ कामे तांत्रिक मंजुरीच्या नोंदवहीत दिसली, तर कामाचे तुकडे का पाडले याचे लेखी कारण मागा. मग पात्रतेच्या अटी. काही अटींना कारण असते : डांबरी मिश्रण वाटेत गार होते, म्हणून हॉट मिक्स प्लांट ठरावीक अंतरात हवा हे पटण्याजोगे आहे. पण तो प्लांट ‘स्वतःच्या मालकीचाच’ हवा, भाड्याचा करार चालणार नाही, किंवा अनुभव ‘याच महापालिकेतला’ हवा, अशी अट दिसली की ती कोणाच्या मापाने शिवली ते विचारावे. गेल्या वर्षीची निविदा शेजारी ठेवून वाचली की नवी घुसवलेली अट लगेच दिसते. निविदापूर्व बैठकीच्या इतिवृत्तात कोणी तिच्यावर आक्षेप घेतला होता का, तेही बघा.

लिफाफे उघडल्यावर कोणाला तांत्रिक छाननीत बाद केले आणि का, याची टिपणी मागा. खरा स्पर्धक बहुधा तिथेच गळतो. उरलेल्यांचे दर अंदाजपत्रकाच्या थोडे वर आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर, बयाणा रकमा एकाच खात्यातून, दोघांच्या कागदांत शुद्धलेखनाच्या त्याच चुका, अशा खुणा एकत्र मिळाल्या तर प्रकरण स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ मध्ये जाते आणि भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार करता येते. एकच खूण पुरत नाही.

तरीही सगळ्यात जास्त पैसा निविदेत मुरत नाही, तो नंतरच्या मोजमापात मुरतो. ‘एक्स्ट्रा आयटम’ (मूळ करारात नसलेली कामे) आणि वाढीव परिमाणे यांची मंजुरी मागा, मोजमाप पुस्तिकेची म्हणजे एमबीची प्रत मागा. साडेपाच मीटर रुंद आणि १०० मीटर लांब रस्त्यावर ५० मिलिमीटर थर म्हणजे २७.५ घनमीटर. प्रत्यक्षात थर ४० मिलिमीटरच पडला तर २२ घनमीटर. फरक साडेपाच घनमीटर, वजनात सुमारे १३ टन मिश्रण, तेही फक्त १०० मीटरला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. तो फार थोडे लोक वापरतात. थराचा कोअर (आरपार कापलेला नमुना) काढताना अभियंत्याची सही हवी, नाहीतर नमुना कुठला यावरच वाद होतो. आणि दोषदायित्व कालावधीची शेवटची तारीख लिहून ठेवा. त्याआधी रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या पदरची. ती महापालिकेच्या नव्या निधीतून होत असेल, तर तोही ढपलाच.

प्रश्न : पाणंद रस्त्याचे काम ग्रामपंचायत सदस्याच्या मुलाने घेतले आहे. सदस्यत्व रद्द होते का? (करवीर तालुका)

उत्तर : होऊ शकते, पण नाते दाखवून भागत नाही. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४(१)(ग) मध्ये पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा वा हितसंबंध असेल तर अपात्रता आहे. केवळ नातेसंबंधावरून आर्थिक हितसंबंध गृहीत धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच सांगितले आहे. तेव्हा पैसा जोडून दाखवा : शिधापत्रिका एकत्र आहे का, बिलाचा धनादेश संयुक्त खात्यात जमा झाला का, जेसीबी किंवा ट्रॅक्टर कोणाच्या नावावर आहे, काम देण्याच्या ठरावाला सूचक-अनुमोदक कोण. हा शेवटचा कागद पुष्कळदा सगळ्यात बोलका निघतो. अर्ज कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, त्यावर अपील विभागीय आयुक्तांकडे. सरकारी जागेतल्या अतिक्रमणाचे प्रकरण मात्र वेगळे; तिथे कुटुंबाच्या अतिक्रमणात राहणारा सदस्यही अपात्र ठरू शकतो, असा २०१८ चा निकाल आहे.

प्रश्न : कारखान्याचा अध्यक्ष तोच आमदार, उसाबद्दलचे निर्णय घेणाऱ्या सरकारातही तोच. हितसंबंधाचा कायदा याला लागत नाही का? (शिरोळ तालुका)

उत्तर : बराचसा लागत नाही, आणि ही फट कायद्यात उघडपणे लिहिलेली आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९अ मध्ये सरकारशी मालपुरवठ्याचा किंवा कामाचा चालू ठेका असलेली व्यक्ती अपात्र ठरते. सरकारचे किमान २५ टक्के भांडवल असलेल्या कंपनीचा व्यवस्थापक किंवा सचिव कलम १० खाली अपात्र ठरतो, पण त्याच वाक्यात ‘सहकारी संस्था वगळून’ असे शब्द आहेत. सहकार म्हणजे शेतकऱ्यांचीच मालकी, असा त्यामागचा विचार असावा. आपल्या जिल्ह्यात त्या शब्दांचा अर्थ फार मोठा होतो.

म्हणून बचाव दुसरीकडे शोधावा लागतो. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, केंद्र सरकार कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवर ठरवते, म्हणजे दर कारखान्याच्या आवाराबाहेर ठरतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, पुढच्या उशिराला वार्षिक १५ टक्के व्याज. तीन लाखांचे बिल ६० दिवस उशिरा मिळाले तर व्याज सुमारे ७,४०० रुपये होते. हे व्याज फार कमी जण मागतात. वजनाच्या पावत्या आणि बँकेची नोंद जोडून कोल्हापूरच्या प्रादेशिक सहसंचालक (साखर) कार्यालयात अर्ज द्या. साखर आयुक्त थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करण्याचा आदेश काढू शकतात. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा देणारा निर्णय काढला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो मार्च २०२५ मध्ये रद्द केला. मधली तीन वर्षे गेली, हे खरे. पण निर्णय ज्यांच्या सोयीचा होता त्यांच्या हातात न्यायालय नव्हते, म्हणूनच तो पडला.

संस्थेच्या आतली गोष्ट मतदारयादीपासून सुरू होते. कारखान्यात हजारो सभासद थेट मत देतात. दूध संघ आणि जिल्हा बँकेत प्राथमिक संस्थांचे ठरावधारक, म्हणजे संस्थेने ठराव करून मतासाठी नेमलेले प्रतिनिधी, मत देतात. यादी जितकी छोटी, तितकी ती एका हातात घेणे सोपे; निवडणुकीआधी ठरावधारक सहलीला का जातात हे इथे कोणी विचारत नाही. ज्याला काही बदलायचे असेल त्याने गावच्या संस्थेत ठराव कोणाच्या नावाने होतो, त्या बैठकीला हजर राहावे. वर्षभरातली खरी निवडणूक तीच.

सहकारी संस्थांना माहिती अधिकार सरसकट लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. तरी सहकार खात्याच्या निबंधकाला किंवा साखर कार्यालयाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून घेता येते, ती तुम्ही त्या कार्यालयाकडे मागू शकता. सभासद असाल तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ खाली ताळेबंद आणि सभांची इतिवृत्ते संस्थेत बसून मोफत पाहता येतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. ‘मंजूर, मंजूर’च्या गदारोळात तोंडी प्रश्न हवेत जातो. नोटिशीत दिलेल्या मुदतीत तो लेखी द्या, पोच घ्या, आणि इतिवृत्तात आला नाही तर तीच पोच निबंधकाकडे न्या.

प्रश्न : निवडणूक रोखे रद्द झाले. मग आता पक्षांना कोण पैसे देते ते कळते का? (ताराबाई पार्क)

उत्तर : अर्धे कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालाने देणगीदाराचे नाव झाकणारे रोखे गेले आणि कंपन्यांच्या देणगीवरची जुनी मर्यादा परत आली : मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के. ही मर्यादा २०१७ मध्ये काढली होती, त्यामुळे नफा नसलेली कंपनीही देणगी देऊ शकत होती. २० हजारांवरच्या देणग्यांची यादी पक्ष निवडणूक आयोगाला देतात आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. त्याखालची देणगी निनावी राहू शकते. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे (आपल्यासारख्या राज्यात विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख), पक्षाच्या खर्चाला नाही. उमेदवाराचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे येतो. एक रुपया फी भरून तो कोणालाही पाहता येतो. मंडप, गाड्या, जेवणावळी यांचे दर तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या प्रचाराशी ताडून बघा.

प्रश्न : अमेरिकेसारखा लॉबिंगचा कायदा आपल्याकडे आहे का? (विद्यानगर)

उत्तर : नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना, म्हणजे निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून सत्तेतल्यांना गाठणाऱ्यांना, नोंदणी आणि अहवाल सक्तीचे केले. आपल्याकडे मंत्र्याला कोण कशासाठी भेटले याची नोंद जाहीर करण्याचे बंधन नाही. केंद्रात २०१४ पासून विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवण्याचे धोरण आहे, पण ते नुसते धोरण आहे. पाळले नाही म्हणून कायदा रद्द होत नाही.

प्रश्न : ठेक्याची माहिती मागितली तर ‘व्यापारी गुपित’ म्हणून नाकारली. पुढे काय? (उद्यमनगर)

उत्तर : माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(घ) चा आधार घेतलेला दिसतो. पण ते गुपित उघड झाल्याने स्पर्धेतल्या स्थानाला बाधा कशी येते, हे अधिकाऱ्याने सांगायला हवे. निविदा मंजूर झाल्यावर दर, करार आणि बिले यांना हे कारण सहसा टिकत नाही. एखादे पान खरोखर गोपनीय असेल तर कलम १० प्रमाणे तेवढे वगळून बाकीचे द्यावे लागते. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे. दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो, हे धरून चला. दरम्यान महापालिका आणि जिल्हा कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात, तसा शासन निर्णय २०१८ चा आहे. पुष्कळदा जो कागद अर्जावर मिळत नाही तो तिथे सापडतो. नवा अर्ज करायचा झाल्यास एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. आपल्या राज्याच्या नियमात ही अट आहे आणि तिच्यावर बोट ठेवून अर्ज परत येतात.

प्रकरण न्यायालयातच न्यायचे असेल तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आहे. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही त्याच्याकडेच. मात्र कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा आदेश, निघण्याआधी जा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम २०अ आले आहे. त्यामुळे पायाभूत प्रकल्पाच्या करारावरच्या दाव्यात काम रखडेल असा मनाई हुकूम दिवाणी न्यायालयाला देता येत नाही, आणि रिट अर्जातही सरकारी वकील हेच कलम पुढे करतो.